चव्वेचाळीस नंबरचे रिबाउंड

टेरेल ऑगल्ट्री घरच्या मैदानावर सामन्यामागे सरासरी नऊ पूर्णांक तीन रिबाउंड घेतो आणि बाहेरगावी चार पूर्णांक एक. हे वाचून तुम्हाला काही वाटलं नसेल तर तुमचं आयुष्य बरं चाललंय. मला हे मंगळवारी सकाळी आठ वाजता दिसलं आणि नऊपर्यंत मी कॉफी समजून दोनदा शेजारचा गांडुळांचा डबा उचलला.

रिबाउंड म्हणजे नेम चुकल्यावर रिंगवरून उसळलेला चेंडू. तो ज्याच्या हातात येतो त्याच्या नावावर एक रिबाउंड लिहितात. बस. त्यात घर काय नि बाहेरगाव काय? रिंग सगळीकडे दहा फुटांवर. चेंडू सगळीकडे गोल. ऑगल्ट्री सगळीकडे सहा फूट नऊ इंच.

गांडुळांचा खुलासा करतो. मी लायल पिअर्सनकडे कामाला आहे. मस्कीगनला बंदराच्या रस्त्यावर त्याचं मासेमारीच्या आमिषाचं दुकान आहे. पुढच्या खोलीत जिवंत मिनो मासे, गांडुळं, गळ, दोऱ्या. मागच्या खोलीतून एक साइट चालते, तिच्यावर बास्केटबॉलच्या सामन्यांचे अंदाज येतात: कोण जिंकेल, कितीने जिंकेल, कोणाचे किती गुण होतील, पैसे कशावर लावावेत. लायलला या दोन धंद्यांत काही विसंगत वाटत नाही. "पुढेही आमिष, मागेही आमिष," असं तो म्हणतो. हे तो दुकानाच्या पाटीवर लिहिणार होता. मी थांबवलं.

अंदाज मी लिहितो. तुम्ही वाचले असतील. 'फॉगहॉर्न्स गेल्या दहापैकी सहा सामने जिंकले आहेत. पिओरिया ट्रॅक्टर्स प्रवासानंतरच्या दुसऱ्या दिवशी सरासरी चार गुण कमी करतात. दोन्ही संघांतल्या मागच्या पाच लढतींपैकी तीनमध्ये एकूण गुण दोनशे अठराच्या वर गेले.' अशा वाक्यांचा उपयोग एवढाच, की कुणीतरी बसून काहीतरी मोजलंय असं वाचणाऱ्याला वाटतं. मोजलेलं असतंही. त्याचा पुढे काय घडणार याच्याशी संबंध आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

आणि त्या मंगळवारी तो प्रश्न माझ्या पोटावर आला होता. लायलने नोव्हेंबरमध्येच सांगून ठेवलं होतं: "तीस अंदाज देतो तुला. सोळा बरोबर आले तर नोकरी पक्की. पंधरा आले, तर मग मी नाणंच उडवेन. नाण्याला आरोग्य विमा द्यावा लागत नाही."

एकोणतीस झाले होते. पंधरा बरोबर होते. तिसावा होता मस्कीगन फॉगहॉर्न्स विरुद्ध पिओरिया ट्रॅक्टर्स, संध्याकाळी सात वाजता.

त्यात आता हा ऑगल्ट्री. आमचा चव्वेचाळीस नंबर. भाव लावणाऱ्यांनी त्याच्या रिबाउंडचा आकडा साडेसहा ठेवला होता, म्हणजे तो साडेसहाच्या वर जाईल की खाली राहील, यावर लोकांनी पैज लावायची. अर्धा रिबाउंड जगात कुणी घेतलेला नाही. बरोबरी होऊ नये आणि कुणीतरी एकाने रडावंच, एवढ्यासाठी तो अर्धा असतो. त्यांनी घरचे आणि बाहेरचे आकडे एका भांड्यात घालून ढवळले होते. सामना तर घरी होता. घरी तो नऊ घेतो. साडेसहाच्या वर. डोळे मिटून.

नेमकं डोळे मिटणंच मला जमत नाही.

मी आधी हवामान तपासलं. तळ्यावरून बर्फ आला की ऑगल्ट्रीला चेंडू जास्त मिळतात का? नाही. वार तपासले. शुक्रवारी अख्खं गाव तळलेला पर्च मासा खातं, त्याचा काही परिणाम? नाही. त्याची आई सामन्याला येते का? ती अलाबामात राहते आणि तिला थंडी सोसत नाही. मग मी सामने मधोमध कापले आणि खुर्चीतून उठलो. पहिल्या अर्ध्यात तो घरी दोन पूर्णांक दोन घेत होता, बाहेर दोन. म्हणजे सारखेच. जी काही जादू होती ती मध्यंतरानंतर: बाहेर दोन पूर्णांक एक, घरी सात पूर्णांक एक. माणूस मध्यंतरात कपडे बदलायच्या खोलीत जातो आणि कुणी तिसराच होऊन बाहेर येतो.

फक्त दोन घरचे सामने याला अपवाद होते. एकात आमच्या कोच स्टॅनफिलला पंचांशी भांडल्याबद्दल मध्यंतराआधीच हाकललं होतं. दुसऱ्यात कोच पोट बिघडून घरी पडला होता. दोन्हीत ऑगल्ट्रीचे रिबाउंड चार.

आणि कोच याच मोसमात आलाय. गेल्या मोसमात ऑगल्ट्री घरी-बाहेर सगळीकडे चारच घ्यायचा.

यावरून मी जो निष्कर्ष काढला तो कुठलाही शहाणा माणूस काढेल. मी लिहिलं: 'कोच स्टॅनफिल यांचे मध्यंतरातले भाषण ऑगल्ट्रीमध्ये प्राण फुंकते. साडेसहाच्या वर.'

आणखी एक आकडा दिसला होता, पण तो मी बाजूला सारला. आमच्याच संघातला तीन नंबरचा मायका बर्डेट बाहेरगावी साडेचार रिबाउंड घेतो आणि घरी जेमतेम सव्वा. बर्डेटची उंची पाच फूट नऊ इंच. त्याच्या रिबाउंडवर पैजच लागत नाही, मग त्याच्यावर डोकं कोण खपवणार?

लायलने अंदाज वाचला. वाचताना तो टाकीत हात घालून मेलेले मिनो बाहेर काढत होता.

"भाषणाने रिबाउंड वाढतात?"

"आकडे तसं सांगतायत."

"मग बाहेरगावी काय तो मुका होतो?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोच बाहेरगावीही असतो. तिथेही मध्यंतर असतं, तिथेही तो बोलत असणार.

"वेस," लायल म्हणाला, "चेहरा पाडू नकोस. आकडा झकास आहे. मी स्वतः लावणार यावर. सकाळपासून गांडुळं न्यायला आलेल्या सहा जणांना सांगितलंय."

"पण का होतं हे?"

"मासा गळाला लागला की ओढायचा, शहाण्या. त्याला पत्ता विचारायचा नाही."

दुपारी बाराला हाच तिसावा अंदाज म्हणून साइटवर गेला. आता त्यात बदल करता येत नव्हता. मी गप्प बसून संध्याकाळची वाट बघायला हवी होती. चार वाजता मी मैदानावर होतो.

माझ्याकडे पत्रकाराचं ओळखपत्र आहे. ते लायलने दुकानातच बनवलंय, त्यामुळे त्यावर कोपऱ्यात एक ट्राउट मासा आहे. दारावरचा माणूस दर वेळी माशाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, आणि दोघांनाही आत सोडतो.

ऑगल्ट्री एकटाच सराव करत होता. मी जाऊन सरळ विचारलं, "टेरेल, मध्यंतरात कोच तुला काय सांगतो?"

"पाणी पी म्हणतो."

"आणि?"

"आणि काही नाही. कोच मितभाषी आहे."

"मग मध्यंतरानंतर तू घरी इतके रिबाउंड कसे घेतोस?"

त्याने चेंडू काखेत धरला आणि आजूबाजूला बघितलं. मग जवळ आला, वाकला. सहा फूट नऊ इंच आपल्यावर वाकतात तेव्हा संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं.

"कुणाला सांगू नको," तो म्हणाला. "मलाच माहीत नाही. मला आठवतात चार. फार तर पाच. सामना संपल्यावर कागद बघतो तर नऊ. एकदा अकरा होते."

"मग तू काय केलंस?"

"आईला फोटो पाठवला. तिने फ्रिजवर लावलाय." त्याने चेंडू एकदा आपटला. "मी कुठेतरी वाचलंय की माणूस खेळात फार बुडाला की त्याला नंतर आठवत नाही. मी बहुतेक भयंकर बुडत असेन."

"बाहेरगावी नाही बुडत?"

"बाहेरगावी सगळं स्वच्छ आठवतं," तो खेदाने म्हणाला.

कागद. तो कागद म्हणाला होता. मला सकाळपासून वाटत होतं की रिबाउंड मैदानावर तयार होतात. पण माझ्यापर्यंत जे येतं ते मैदानावरून येत नाही, ते कुणीतरी लिहिलेलं असतं. मी तीन वर्षं आकड्यांत राहतोय आणि ते कोण लिहितं हे मी कधी विचारलंही नव्हतं.

ते आर्लीन हुकस्ट्रा लिहीत होत्या. मैदानाच्या मधोमध, कडेला लांब टेबल असतं, तिथे डाव्या टोकाला त्या बसतात. वय एकाहत्तर. एकतीस वर्षं हेच काम. दिवसा त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, आता गुडघ्यांमुळे नाही वाजवत. टेबलावर संगणक, पाण्याची बाटली आणि पांढऱ्या पेपरमिंटची पिशवी. आमच्याकडे चर्चमध्ये प्रवचन लांबलं की आज्या रांगेतून हे पेपरमिंट सरकवतात. मिसेस हुकस्ट्रा ते दर क्वार्टरला, म्हणजे सामन्याच्या दर पाव भागाला, वाटतात. पंचांनासुद्धा.

"मिसेस हुकस्ट्रा, तुम्हाला एक विचारू?"

"आधी टोपी काढ."

मी काढली.

"ऑगल्ट्रीचे रिबाउंड मध्यंतरानंतर फार वाढतात."

"हो ना! गुणी मुलगा आहे."

"ते तुम्ही बघता?"

"काही बघते," त्या म्हणाल्या. "काही समजून घेते."

मी टोपी हातात धरून थांबलो. आकड्यांच्या माणसाला एवढं कळतं, की इथे घाई करायची नाही.

"हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "हे दोन माणसांचं काम आहे. एकाने बघून ओरडायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. तीस वर्षं मिस्टर व्हर मीर ओरडायचे आणि मी टाइप करायचे. ऑक्टोबरात ते फ्लोरिडाला गेले. मागे चिठ्ठी ठेवली: 'आर्लीन, ऊन आहे.' एवढीच. क्लब म्हणाला दुसरा माणूस देतो. अजून देतोय. आता मीच बघते आणि मीच टाइप करते, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात ओरडतेही."

"पण मध्यंतरानंतरच का?"

त्यांनी बोटाने दाखवलं. टेबलाच्या शेजारी आमच्या संघाचा बाक, आणि बाकाच्या पुढे, रेषेलगत, कोच स्टॅनफिल उभा होता. सामना तीन तासांवर होता, तरी तो उभा होता. कोच पूर्वी स्वतः खेळायचा. सहा फूट अकरा इंच, आणि रुंदी धान्याच्या कोठारासारखी.

"मध्यंतरानंतर बाजू बदलतात," मिसेस हुकस्ट्रा म्हणाल्या. "आपण जी रिंग राखतो ती त्याच्या पलीकडे जाते. मी पाच फूट एक इंच. बसले की त्याहून कमी. मला कोचचा कोट दिसतो. चांगला कोट आहे, तक्रार नाही."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. 'सॉरी मॅम' म्हणाला आणि वाकला. वाकल्यावर अजून रुंद होतो."

सकाळपासूनचे सगळे आकडे ओळीने उभे राहिले. कोच हाकलला गेला तो सामना. कोचचं पोट बिघडलं तो सामना. बाहेरगावी बाहेरगावचा टेबलवाला. सगळं जुळत होतं आणि त्यात प्राण फुंकण्याचा कुठेच संबंध नव्हता.

"मग जो रिबाउंड दिसत नाही तो?"

"तो ऑगल्ट्रीचा."

"असा सरळ?"

"मग काय करू? कुणीतरी घेतलेला असतोच ना, हवेत थोडाच राहतो? आणि तिथे सगळ्यात उंच तोच." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू ते अंदाजांचं लिहितोस ना? मग सांग, न बघता बोलायचं झालं तर तू कुणाचं नाव घेशील?"

मी तेच दुपारी बाराला घेतलं होतं.

खरं तर मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. मला उत्तर मिळालं होतं. वर ते उत्तर माझ्या बाजूचं होतं: मिसेस हुकस्ट्रा खुर्चीवर, कोच रेषेवर, ऑगल्ट्रीच्या नावावर नऊ, माझे सोळा. सगळी यंत्रणा व्यवस्थित चालू होती. मी फक्त टोपी घालून निघायचं होतं.

"डोळे कसे आहेत तुझे?" मिसेस हुकस्ट्रांनी विचारलं.

"चांगले आहेत."

"मग बस इथे. मिस्टर व्हर मीरची खुर्ची आहे. तुला काही माझ्यासारखं बसून राहायला नको, उठून, वाकून, कडेने बघ आणि नंबर सांग. एक दिवस तरी मला नीट लिहू दे."

नाही म्हणायला माझ्याकडे सबळ कारण होतं. ते त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. आणि मला त्या कोटाच्या पलीकडे काय चालतं ते बघायचं होतं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला नोकरीपेक्षा ते जास्त हवं होतं. मी बसलो.

सामना सुरू झाला. पहिल्या अर्ध्यात काही विशेष नव्हतं. रिंग समोर, सगळं दिसत होतं. मी नंबर म्हणायचो, मिसेस हुकस्ट्रा टाइप करायच्या. ऑगल्ट्रीचे तीन झाले, आणि ते तीनही खरे होते. त्या मानाने चांगलीच सुरुवात. वर सहाव्या रांगेत लायल बसला होता. त्याने मला टेबलावर बघितलं, आनंदाने उभा राहिला आणि दोन्ही अंगठे दाखवले. त्याला वाटलं असणार, पोराने सोय केली.

मध्यंतर झालं. बाजू बदलल्या. कोच येऊन रेषेवर उभा राहिला आणि जग नाहीसं झालं.

मी उठलो, टेबलाच्या टोकाला गेलो, एका पायावर वाकलो. ट्रॅक्टर्सच्या कुणीतरी कोपऱ्यातून चेंडू मारला. चुकला. रिंगखाली सहा उंच माणसांचं जंगल झालं, सगळ्यांचे हात वर, सगळ्यांत वर ऑगल्ट्रीचे. चेंडू त्या हातांच्या वरून पलीकडे गेला, जिथे कुणीच नव्हतं.

तिथे बर्डेट होता.

"तीन!" मी ओरडलो. आनंदाने ओरडलो. त्या टेबलावरून पहिल्यांदाच कुणीतरी ते बघितलं होतं.

"तीन?" मिसेस हुकस्ट्रांची बोटं थांबली. "तो छोटा?"

"तोच!"

त्यांनी टाइप केलं. आणि मग मला कळलं की मी काय केलंय.

पुढच्या वेळी मी स्वतःला बजावलं, शांत राहा. पण पुढच्या वेळीही तोच. बर्डेट उडी मारतच नव्हता. ट्रॅक्टर्सचा माणूस चेंडू हातातून सोडायच्या आधीच हा चालत जाऊन एका जागी उभा राहायचा, बसस्टॉपवर उभं राहतात तसा. आणि चेंडू तिथे यायचा. प्रत्येक वेळी नाही. पण माझ्या अंदाजांपेक्षा जास्त वेळा. त्या इमारतीत पुढे काय घडणार हे खरोखर ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि त्याचे सगळे रिबाउंड एका कोटामागे दुसऱ्याच्या नावावर जमा होत होते.

"कोण?"

"तीन."

"आता?"

"चव्वेचाळीस." हा खरा होता. ऑगल्ट्रीचे चार.

"आणि हा?"

"तीन."

चौथ्या क्वार्टरला मिसेस हुकस्ट्रांनी पेपरमिंट दिलं. माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. लायल. 'काय चाललंय?' मग: 'पाच झाले फक्त???' मग: 'तू तिथे काय करतोयस नेमकं?' मी वर बघितलं नाही.

सहावा ऑगल्ट्रीने शेवटून दुसऱ्या मिनिटाला घेतला. दोन माणसांच्या डोक्यावरून, एका हाताने, इतका देखणा की मी नंबर म्हणायला विसरलो आणि मिसेस हुकस्ट्रांनी कोपर मारलं. आता फक्त एक हवा होता. फॉगहॉर्न्स पुढे होते की मागे, ते मला ठाऊक नव्हतं. ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं.

अकरा सेकंद. ट्रॅक्टर्सनी डाव्या कोपऱ्यातून चेंडू मारला. कोच नेमका याच वेळी एक पाऊल पुढे आला आणि वाकला. मी जवळजवळ टेबलावर आडवा झालो. चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागला, वर उडाला. ऑगल्ट्रीची बोटं त्याच्यापासून वीतभर लांब होती. चेंडू उजवीकडे पडला. बर्डेट बसस्टॉपवर होता. दोन हातांत, छातीशी. लगेच जंगल मिटलं, शिट्टी वाजली, आणि कोचच्या कोटापलीकडचं ते दृश्य त्या टेबलावर एकट्या माझ्याकडे उरलं.

"कोण?" मिसेस हुकस्ट्रांनी विचारलं.

खिशात फोन थरथरत होता. मला फक्त "दिसलं नाही" म्हणायचं होतं. खोटं नावही घ्यायची गरज नव्हती. त्यांच्या पद्धतीप्रमाणे न दिसलेला आपोआप चव्वेचाळीसचा झाला असता. इतकी सोपी अप्रामाणिकता मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

"वेस? कोण?"

"तीन," मी म्हटलं.

टक्. एक बोट, एक आवाज. माझी नोकरी एवढ्याच आवाजात गेली.

सामना संपल्याचा भोंगा वाजला. लोक उठायला लागले. ऑगल्ट्री मान पुसत टेबलाशी आला, कागद उचलला आणि आपल्या नावापुढे बोट ठेवलं.

"सहा," तो म्हणाला.

"सॉरी, टेरेल."

"नाही रे." त्याने बोटांवर मोजलं. "मला सहाच्या सहा आठवतायत." आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नऊ रिबाउंडांनंतरही कधी बघितलं नव्हतं. त्याने कागदाचा फोटो काढला. फ्रिजवर हाही जाणार.

मिसेस हुकस्ट्रा मात्र हलत नव्हत्या. "मध्यंतरानंतर त्या छोट्याचे सहा," त्या म्हणाल्या. "एका सामन्यात. मग ऑक्टोबरपासूनचे..." त्यांनी चष्मा काढला. "बोलाव त्याला."

बर्डेट गुडघ्यांना बर्फ बांधून आला. मिसेस हुकस्ट्रा उभ्या राहिल्या. दोघं फारशी मान न ताणता एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकत होते, तिथे हे क्वचितच घडतं.

"मिस्टर बर्डेट, मी तुमचे रिबाउंड बरेच दिवस दुसऱ्याला देत होते."

त्याने ऐकून घेतलं. सगळं: व्हर मीर, फ्लोरिडा, कोट. मग खुर्चीत बसला.

"मला वाटायचं, घरच्या मैदानावर मला दडपण येतं," तो म्हणाला. "आकडेच तसे होते. मी मानसोपचारवाल्या बाईंकडे जातोय, मॅम. डिसेंबरपासून. दर गुरुवारी."

"काही उपयोग?" मिसेस हुकस्ट्रांनी विचारलं.

"खूप. मला माझ्या वडिलांबद्दल बरंच काही कळलं."

तेवढ्यात लायल जिन्याने खाली आला. फॉगहॉर्न म्हणजे धुक्यात बोटींना इशारा देणारा भोंगा; संघाचे चाहते आणतात तसला फुगवलेला प्लास्टिकचा भोंगा त्याने टेबलावर ठेवला. त्यातली हवा हळूहळू जात होती.

"तीस पैकी पंधरा," तो म्हणाला.

"हो."

"तू इथे बसला होतास. या खुर्चीत. शेवटचा तुला विचारून लिहिला, मी बघितलं. एक आकडा, वेस. चव्वेचाळीस म्हणायला किती वेळ लागतो?"

"मी बघितलं होतं ना, लायल."

"मग?"

"न बघता काहीही बोलायची मला सवय आहे, त्याचेच तू पैसे देतोस. बघून खोटं बोलणं वेगळं काम आहे. ते मला येत नाही."

लायलने यावर विचार केला. तो वाईट माणूस नाही. फक्त त्याने सहा जणांना सांगितलेलं होतं आणि ते सगळे उद्या सकाळी गांडुळं घ्यायला येणार होते.

"उद्या येऊन तुझ्या वस्तू ने," तो म्हणाला. "विमा महिनाअखेरपर्यंत आहे. दात दाखवायचे असतील तर दाखवून घे."

"ठीक आहे."

"गुरुवारी ग्रीन बेचा संघ येतोय," मिसेस हुकस्ट्रा संगणक बंद करत मला म्हणाल्या. "साडेसहाला ये. काळी पँट. पगार नावाला आहे, पण पार्किंग फुकट."

"येतो," मी म्हटलं. माझ्याकडे गाडी नाही, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. मला बर्डेटला काहीतरी विचारायचं होतं आणि तो उठायच्या बेतात होता.

"मायका, एक मिनिट. तू तिथे आधीच कसा असतोस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आजवर त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग टेबलावरचे कागदी पेले ओढून घेतले. एक मधे ठेवला. "ही रिंग." चार भोवती. "ही सगळी उंच माणसं. ही वर बघतात. मी वर बघतच नाही, वर मला काय मिळणार? मी मारणाऱ्याचं मनगट बघतो. कोपऱ्यातून मारला आणि मनगट असं वळलं, की चुकलेला चेंडू पलीकडे जातो. दहातून सात वेळा. मी मोजलंय. लहानपणापासून मोजतोय, वहीत आहे."

"वही आहे?" मी म्हटलं.

"अकरा वह्या आहेत."

लायल जायला निघाला होता. त्याने भोंगा उचलून काखेत घातला होता, कोटाची बटणं लावली होती. तो दोन पावलं गेला आणि थांबला.

"आणि समोरून मारला तर?" त्याने विचारलं.

बर्डेटने एक पेला उचलला, जरा विचार केला, आणि तो मधल्या पेल्याच्या पुढे, वीतभर अंतरावर ठेवला.

लायलने परत येऊन खुर्ची ओढली.